मदत हवी आहे: वाडीच्या डोक्यावर भेग पडलीय, पाहणी कोणाकडून करून घ्यायची?

मंडळी, महाड तालुक्यात डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे, तीसेक घरं. पावसाळा सरल्यावर वरच्या नाचणीच्या वरकसात उताराला आडवी भेग दिसली, हाताचा पंजा सहज आत जातो आणि खालच्या अंगाची माती वीतभर खचलीय. बांधाजवळ नवीन झरा पण फुटलाय. 2005 ला जुई, दासगाव आणि 2021 ला तळिये इथे दरडी कोसळल्या, सगळं याच तालुक्यातलं, त्यामुळे "काय नाय होत" म्हणणारेही आता गप्प झालेत.

भेगेच्या दोन्ही अंगाला खुंट्या ठोकून अंतर मोजतोय, तारखेसकट फोटो आहेत. भेग चिकण मातीने बुजवलीय, वरून चर काढून पाणी दुसरीकडे वळवलंय. भूकोशवरचा (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं नकाशांचं संकेतस्थळ) दरडप्रवणतेचा, म्हणजे दरडीचा धोका कुठे किती ते दाखवणारा नकाशा पाहिला, आम्ही 'मध्यम'मध्ये येतो, पण तो 1:50,000 चा, म्हणजे 1 सेंमीला अर्धा किमी, त्यात आमची आख्खी वाडी म्हणजे टिंब. ग्रामपंचायत, तहसील दोन्हीकडे अर्ज दिले, पंचनामाही झाला पण त्यात नुसतं "शेतजमिनीचं नुकसान" लिहिलंय!

खाजगी कन्सल्टंट परवडणार नाही, आणि "घरं सोडा" हा सल्ला प्लीज नको, जायला जागा असती तर विचारलंच नसतं. अहवाल जूनच्या आत हवाय.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची माणसं जागेवर यायला हवी असतील तर मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फतच जावी लागते की ग्रामसभेचा ठराव जोडून आम्ही थेट पाठवू शकतो, आणि कोणी असं करून घेतलं असेल तर अर्जाला काय काय जोडलं होतं?