उन्हाळ्यात रातकिडे डब्यातच मरतात आणि उरलेले सरड्याला चावतात, काय करावं?

केळीबाग_जळगाव

नमस्कार मंडळी. माझ्याकडे बिअर्डेड ड्रॅगन जातीचा पाळीव सरडा आहे, अजून वर्षाचा व्हायचाय. त्याच्यासाठी रातकिडे पुण्याहून पार्सलने मागवतो. हिवाळ्यात काहीच त्रास नव्हता. एप्रिल सरता सरता पारा ४४ च्या वर गेला आणि डब्यातले रातकिडे पटापट मरायला लागले.

डबा हॉलमध्ये कूलरच्या झोतात ठेवतो, घरात तीच एक थंड जागा. प्लास्टिकचा मोठा डबा, झाकणाला छिद्रं, तळाशी गव्हाचा कोंडा, अंड्यांचे ट्रे, पाण्यासाठी वाटीत ओला कापूस. सकाळी झाकण उघडलं की डोळ्यांना झोंबणारा वास येतो.

दुसरं म्हणजे, पिंजऱ्यात सोडलेले सगळे खाल्ले जात नाहीत, दगडाखाली दडतात. काल त्याच्या शेपटीच्या टोकाला कुरतडल्यासारखं दिसलं. आणि वडील म्हणतात, पावसाळा लागला की आपल्या बांधावर नाकतोडेच नाकतोडे असतात, मग पैसे कशाला घालवतो? आमची कपाशी धरणगावकडे आहे.

जाणकारांनी सांगावं.

भुसावळची_ताई

भाऊ, डबा आधी कूलरसमोरून उचला. बाकीचं नंतर वाचा.

आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो आणि रातकिड्याला कोरडी हवा चालते. त्याला मारते ती ओल. कूलर दिवसभर खोलीत दमट हवा ओततो, कोंडा ती ओल धरतो, खाली विष्ठा आणि मेलेले किडे कुजतात, त्यातून अमोनिया सुटतो. डोळ्यांना झोंबतो तो वास त्याचाच. चार छिद्रांतून तो बाहेर पडत नाही, म्हणून सकाळी ढीग मेलेला दिसतो. उष्णतेचाही वाटा आहे, ४० च्या वर तेही टिकत नाहीत, पण ३० च्या आसपास ते मजेत राहतात. त्यांना गारवा लागत नाही, वारा लागतो.

आमच्या गावच्या घराला अजून धाबं आहे. मातीच्या त्या छपराखालची मागची खोली भर दुपारीही तापत नाही, मी डबे तिथे जमिनीवर ठेवते. तुमच्याकडे धाबं नसेल तर खालच्या मजल्यावरची उत्तरेकडची खोली बघा, शहाबादी फरशी असेल तर उत्तम. गच्चीखालची खोली नको.

झाकणाचा मधला मोठा चौकोन कापून तिथे ॲल्युमिनियमची बारीक जाळी चिकटवा. मच्छरदाणीची नायलॉन जाळी लावू नका, रातकिडे ती कुरतडून घरभर होतात. तळाचा कोंडा काढून टाका. तळ मोकळा असला की विष्ठा आणि मेलेले किडे दिसतात आणि पटकन झाडून काढता येतात. कोंडा हवाच असेल तर बरणीच्या पसरट झाकणात, खाण्यापुरता. ओला कापूसही काढा, गाजराची किंवा दुधीची चकती ठेवा, त्यातून त्यांना पाणी मिळतं. चकती सुकायच्या आत बदला, बुरशी धरू देऊ नका. अंड्यांचे ट्रे आडवे न टाकता उभे लावा, म्हणजे घाण खाली पडते.

आता विषाचं. हॉलमध्ये मच्छरांचं लिक्विड लावता का? त्यातलं औषध किडे मारायलाच केलेलं असतं, डासांसारखेच रातकिडेही त्याने मरतात. मुंग्यांच्या खडूचंही तेच. मुंग्या येत असतील तर डबा स्टूलवर ठेवून स्टुलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, दुधाच्या जाळीच्या कपाटाला आपण ठेवायचो तसे. कोंडा घरच्या गव्हाचा असेल तर कोठीत कीड लागू नये म्हणून गोळ्या टाकल्या होत्या का, ते आईंना विचारा. तसा कोंडा मी घेत नाही. बाजारची कोथिंबीर-काकडी फवारलेली असू शकते, नीट धुवा, काकडी सोलूनच द्या.

आणि वडिलांना माझा नमस्कार सांगा, पण कपाशीच्या बांधावरचा नाकतोडा नको म्हणजे नकोच. मावा-तुडतुड्यांवर इमिडाक्लोप्रिडसारखी औषधं मारतात. फवाऱ्यातून वाचलेला नाकतोडा दिसायला ठणठणीत असतो आणि ते औषध पोटात घेऊन फिरत असतो. जोडीला जंत असतात. पावसाच्या तोंडावर काजवे दिसतील, ते तर एकही नको. काजव्यातल्या विषाने बिअर्डेड ड्रॅगन दगावतो.

गिरणाकाठ

काय भो, ताईंनी बठ्ठं सांगून टाकलं. मी फक्त पिंजऱ्याचं सांगतो.

मोकळे सोडूच नका. मीलवर्म (खाऊ म्हणून देतात त्या अळ्या) असतील तर गुळगुळीत स्टीलच्या वाटीत द्या, त्यांना चढता येत नाही. रातकिडे खायला द्यायच्या आधी थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवले की सुस्तावतात, मग चिमट्याने एकेक द्या. दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढेच, उरलेले परत डब्यात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको. सरडा रात्री झोपतो आणि रातकिडा तेव्हाच जागा असतो, उपाशी असला की शेपूट, बोटं, पापण्या कुरतडतो.

दडलेले पकडायला दिवा बंद झाल्यावर पुठ्ठ्याची नळी आणि आत गाजराचा तुकडा ठेवा. सकाळी नळीची दोन्ही टोकं हाताने झाकून उचलायची, बरेचसे आतच सापडतात. शेपटीची जखम काळी पडत गेली तर डॉक्टरांना दाखवायला उशीर नको.

केळीबाग_जळगाव

ताई, भाऊ, खूप आभार. डबा जिन्याखाली हलवलाय. लिक्विड खरंच हॉलमध्ये लागतं, ते बंद केलं. कॅल्शियमचं राहिलं. पावडर डब्यातल्या खाण्यात मिसळली तर चालेल का? आणि पिंजरा सकाळी खिडकीच्या काचेशी उन्हात ठेवतो, तेवढं ऊन पुरे ना?

भुसावळची_ताई

पावडर किड्याच्या अंगावर हवी. रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं, सरड्याला नेमकं उलटं लागतं. फॉस्फरस नसलेली कॅल्शियम पावडर घ्या. पिशवीत चिमूटभर टाकायची, किडे सोडून हलक्या हाताने हलवायचं, पांढुरके झाले की लगेच भरवायचं. उशीर केलात तर ते अंग साफ करून पावडर झटकून टाकतात.

खाण्यातून द्यायचं असेल तर भरवायच्या आदल्या दिवशी डब्यात शेवग्याचा पाला टाका. त्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि आपल्याकडे परसात मिळतो. सरड्यालाही तो बारीक चिरून द्या. पालक नेहमी नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं.

काचेतून आलेल्या उन्हाचा हाडांना उपयोग नाही. उन्हातले यूव्हीबी म्हणजे अतिनील किरण काच अडवते, म्हणून पिंजऱ्यात यूव्हीबीची नळी, म्हणजे ते किरण देणारा दिवा, लागतेच. ती नसेल तर पावडर कितीही दिली तरी अंगी लागत नाही, जबडा मऊ पडतो, पाय थरथरतात. आणि मे महिन्यात काचेचा पिंजरा उन्हात ठेवणं आजपासून बंद करा. बंद काचेत तापमान बघता बघता चढतं, जनावर अर्ध्या तासातही जाऊ शकतं. कोवळं ऊन द्यायचंच तर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्या भागावर गोणपाटाची सावली करून, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून.

नळी किती जुनी आहे ते कळवा. प्रकाश दिसत असला तरी यूव्हीबी कालांतराने उतरतं.