ड्रोनचा कॅमेरा खाली बघता बघता मान वर करतो. पूर्ण गिंबल बदलावाच लागेल का?

नमस्कार मंडळी,

मी मुलुंडला राहते. माझ्याकडे अडीचशे ग्रॅमच्या आतला छोटा ड्रोन आहे, तीन अक्षांच्या गिंबलचा (गिंबल म्हणजे कॅमेरा मोटरनी स्थिर धरणारी जोडणी). मुंबईत तो उडवत नाही. विमानतळाचा परिसर आणि पोलिसांचे मनाई आदेश, त्यामुळे इथे गच्चीवरून उडवून बघायचा प्रश्नच येत नाही. माझं सगळं उडवणं वाड्याला, मामांच्या शेतावर.

भाताची आवणी (लावणी) झाल्यापासून दर पंधरा दिवसांनी त्यांच्या कोलमच्या सात खाचरांचे फोटो घेते आहे. त्याच बांधावरून, ४० मीटर उंचीवरून, कॅमेरा सरळ खाली म्हणजे उणे ९० अंशांवर ठेवून. फोटो एकावर एक ठेवले की पाणी कुठे तुंबतं, कुठे झिरपून जातं, भात कुठे पिवळं पडतंय ते मामांना दिसतं. श्रावणात वरच्या खाचराचा बांध आतून पोकळ झाल्याचं असंच कळलं. पण कोन पाच अंशांनी जरी हलला तरी फोटो जुळत नाहीत, आणि आता नेमकं तेच होतंय.

मागच्या खेपेला उतरवताना ड्रोन बांधाच्या कडेला कलंडला. हातभर उंचीवरून, ओलसर मातीत, नाकावर. प्रोपेलर शाबूत होते. फडक्याने पुसून घरी आणला. त्यानंतर कॅमेरा उणे ९० वर जातो, दहा-बारा सेकंद थांबतो, मग बारीक थरथर सुरू होते आणि तो हळूहळू मान वर करत उणे ६० च्या आसपास येतो. परत खाली आणला की तेच. चार-पाचदा असं झालं की स्क्रीनवर गिंबल मोटर ओव्हरलोडची सूचना येते. क्षितिज मात्र सरळ दिसतं, डावी-उजवीकडे कलत नाही.

करून पाहिलेले उपाय: फर्मवेअर अद्ययावत केलं, पोळपाट लेव्हलमध्ये ठेवून त्यावर तीनदा कॅलिब्रेशन केलं. गिंबलचं कव्हर काढूनच ड्रोन चालू करते. थरथर शोषणारे चारही रबरी डँपर जागेवर आहेत.

लॅमिंग्टन रोडला एका दुकानात दाखवला. त्यांनी हातात घेतला, एकदा हलवला आणि "पूर्ण गिंबल बदला" म्हणाले. सांगितलेला खर्च ड्रोनच्या किमतीच्या जवळजवळ निम्मा. नवाच घ्यावा म्हटलं, तर फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुटे भाग येतात, पण पूर्ण ड्रोन सरळ मार्गाने मिळत नाही. कापणी दोन आठवड्यांवर आली आहे आणि त्याआधीची शेवटची फेरी मला चुकवायची नाही. दोष मोटरचा, कॅमेऱ्याकडे जाणाऱ्या चपट्या रिबन केबलचा की सेन्सरचा, हे घरच्या घरी ओळखता येईल का?

प्रतिसाद

ताई, खर्च करायच्या आधी दोन गोष्टी बघा.

पहिली, ड्रोन बंद ठेवून. बंद असताना कॅमेरा लुळा पडतो, ते बरोबरच आहे. गिंबलला कुठलाही खटका किंवा कुलूप नसतं, मोटरच त्याला सतत धरून ठेवते. करंगळीने कॅमेरा हलकेच वरून खालपर्यंत फिरवा. लोण्यातून सुरी जावी तसा जायला हवा. कुठे अडतोय, खरखरतोय का?

दुसरी, ड्रोन चालू करून. प्रोपेलर आधी काढून ठेवा, हे विसरू नका. टेबलावर उणे ९० वर आणा आणि बघत बसा. शेजारी टेबलफॅन लावा, कारण उडत नसताना वारा मिळत नाही आणि हे छोटे ड्रोन भराभर तापतात. टेबलावर कोन टिकला आणि फक्त हवेत बिघडला, तर वारा किंवा प्रोपेलरची थरथर. टेबलावरही मान वर आली, तर दोष गिंबलमध्येच.

धागाकर्ती

दादा, लगेच करून पाहिलं. टेबलावरही तसंच होतंय. बंद असताना फिरवला तर वरच्या भागात छान फिरतो, पण शेवटच्या टप्प्यात, खाली तोंड करताना, अगदी बारीक खरखर लागते. कानाजवळ धरला तर वाळूवर चप्पल घासल्यासारखा आवाज येतो.

प्रतिसाद

मग सेन्सर सोडून द्या. आयएमयू, म्हणजे कोन ओळखणारा सेन्सर, चुकत असता तर कॅमेरा चुकीच्या कोनात गेला असता, पण मोटरवर ताण पडला नसता. तिच्या दृष्टीने ती बरोबरच जागी असते. रिबन तुटली असती तर बहुतेक वेळा चित्रात पट्टे आले असते किंवा चित्रच गेलं असतं. तुमच्याकडे ओव्हरलोड येतोय आणि तोही एकाच टप्प्यात. काहीतरी आडवं येतंय. मोटर जास्त करंट ओढून रेटते, बोर्ड तिला वाचवायला ताकद कमी करतो आणि कॅमेरा अडथळा नाही तिथे सरकतो.

माझा संशय मातीवर आहे. आपल्याकडची माती बेसाल्टची, तिच्यात लोहचुंबकाला चिकटणारे काळे कण असतात. गिंबलच्या मोटरमध्ये चुंबकच असतात, आणि फिरत्या व स्थिर भागांत फट अगदी नावापुरती. ड्रोन नाकावर पडला म्हणता, म्हणजे कण थेट तिथेच गेले असणार. फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. डब्यातली दाबाची हवाही नको, कण आणखी आत जातील. लेन्स साफ करायचा रबरी ब्लोअर घ्या, आणि सेलोटेपची बारीक पट्टी चिकट बाजू बाहेर ठेवून टूथपिकला गुंडाळा. मोटरच्या कडेने फिरवत कण टिपा. तेल चुकूनही घालू नका.

आणि कॅमेऱ्यावर फिल्टर लावलाय का? गिंबल कॅमेऱ्याच्या नेमक्या वजनावर तोललेला असतो, पुढे थोडंही वजन वाढलं की मोटरला दिवसभर ते पेलावं लागतं.

धागाकर्ती

फिल्टर होता! उन्हासाठी जुलैत लावला आणि काढायचं राहून गेलं. तो काढल्यावर थरथर कमी झाली, पण मान वर येतच होती.

मग काल रात्री टेबललॅम्पखाली बसले. भिंग धरून बघितलं तर टिल्ट मोटरच्या (कॅमेरा वर-खाली करणारी) कडेला मिशीसारखे उभे राहिलेले काळे कण दिसले, मोजून नऊ-दहा. सेलोटेपच्या सात-आठ पट्ट्या लागल्या. शेवटचा कण आत अडकला होता. कॅमेरा खाली वळवून धरला तेव्हा तो फटीतून डोकावला आणि टेपला लागला. आता करंगळीने फिरवताना काहीच लागत नाही. परत कॅलिब्रेशन केलं. पंखा लावून उणे ९० वर ठेवला, ११ मिनिटं हलला नाही, सूचनाही आली नाही. मग बॅटरी संपत आली म्हणून मीच बंद केला.

दोघांचेही मनापासून आभार. शनिवारी पहाटे वाड्याला निघतेय. उतरवायला यावेळी जुनी ताडपत्री सोबत घेतली आहे. हवेतही कोन टिकला की सातही खाचरांचे आवणीपासूनचे फोटो इथेच टाकते.