मदत हवी आहे: आमच्या काळ्या कातळातलं चुंबकत्व मुलांना कसं दाखवू?

नमस्कार मंडळी. मी बेळगाव तालुक्यातल्या एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या मुलांना सांगितलं की आपला काळा दगड सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा आहे. तो निवत 580 अंश सेल्सिअसखाली आला, तेव्हा त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांनी पृथ्वीच्या तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून ठेवली. त्या दिशेचा उतार, म्हणजे ती आडव्या पातळीशी किती कललेली आहे, हे मोजलं की तेव्हाचा अक्षांश कळतो. दख्खनच्या खडकांचा निघतो साधारण 30 अंश दक्षिण, आणि बेळगाव आज जवळपास 16 अंश उत्तरेला! म्हणजे आपली जमीन विषुववृत्त ओलांडून आली. वर्ग एकदम गप्प. मग एक मुलगी म्हणाली, "सर, आपल्याच दगडावर दाखवा की."

आता अडचण. दगड काढण्याआधी त्यावर उत्तर दिशा खुणावी लागते, पण अशा कातळाजवळ होकायंत्राची सुई भरकटू शकते. काठीच्या सावलीवरून दिशा काढायची पद्धत कुणी प्रत्यक्ष वापरली आहे का? वीज पडली की मूळ चुंबकत्व बिघडतं, म्हणून माथ्यावरचा नको, खाणीतला ताजा दगड घेणार आहे.

आणि कोल्हापूर, धारवाड, गोवा, कुठेही असं मोजमाप करणारी प्रयोगशाळा मुलांना तासभर पाहू देईल का? ओळख असेल तर कृपया कळवा. बसने घेऊन येईन.