ट्रेडमार्कपेक्षा भौगोलिक मानांकन बरं

पिकाच्या जुन्या, पारंपरिक वाणाच्या नावाचा ट्रेडमार्क घ्यावा, असं काही जण सुचवतात. मला ते धोक्याचं वाटतं. ट्रेडमार्क मालकाचा असतो, विकताही येतो; भौगोलिक मानांकन (ठरावीक भागाशी जोडलेल्या मालाच्या नावाला मिळणारं संरक्षण) त्या भागातल्या सगळ्या पात्र उत्पादकांसाठी असतं. एकाच्या हाती हक्क गेला की काय होतं बघा (उदाहरण पेटंटचं आहे): अमेरिकेत १९९९ साली 'एनोला' या पिवळ्या घेवड्यावर पेटंट दिलं गेलं आणि मेक्सिकोतून येणाऱ्या पिवळ्या घेवड्यावरही हक्क सांगितला गेला. ते कोर्टात कायमचं बाद व्हायला २००९ उजाडलं!

मानांकनाचा अर्जही जपून लिहावा लागतो. जुन्या वाणाचा दाणा, रंग, तयार व्हायचा काळ शेतागणिक थोडा बदलतो. वर्णन फार काटेकोर केलं, तर पिढ्यान्‌पिढ्या बियाणं राखणाऱ्यांचाच माल त्यात बसणार नाही आणि त्यांनाच ते नाव वापरता येणार नाही. म्हणून मसुदा करताना त्यांना आधी विचारा.