डाउनट्यूब शिफ्टर साफ करून जोडले, आता उजवा लिव्हर टिकत नाही

शिवोलीकर
स्टीलच्या जुन्या रोड सायकलचे गिअर बदलायचे कॅम्पान्योलो नुओव्हो रेकॉर्ड लिव्हर आहेत, फ्रेमच्या खालच्या तिरक्या नळीवरच्या (डाउनट्यूब) बॉसवर, म्हणजे तिथे जोडलेल्या खुंटीवर बसणारे. खाऱ्या हवेने आत पांढरी पूड धरली होती म्हणून सगळं सुटं करून रॉकेलमध्ये धुतलं. आता उजव्याचा स्क्रू जरा सैल ठेवला की पेडल मारता मारता चेन आपोआप मागच्या लहान दातेरी चक्रावर उतरते. आवळला तर लिव्हर हलत नाही. शिवाय लिव्हर मागेपुढे केला की त्याच्याबरोबर स्क्रूही फिरतो. आतला आणि बाहेरचा वॉशर बहुतेक एकाच बाजूला गेलेत. क्रम काय? ग्रीस कुठे लावायचं?

जुनी_फ्रेम_मडगाव
स्क्रू फिरतो, तिथेच दुखणं आहे. बॉसकडून बाहेर असा क्रम: चौकोनी भोकाची पट्टी, पातळ वॉशर, लिव्हर, दुसरा वॉशर, टोपी, शेवटी कडीचा, म्हणजे बोटाने फिरवायला कडी असलेला स्क्रू. टोपीचं भोक गोल नसतं. बॉसच्या टोकाच्या चपट्या बाजूंवर ते अडकतं, म्हणून लिव्हरचा फेरा स्क्रूपर्यंत पोचत नाही. दोन्ही वॉशर बाहेर घातले की थर उंच होतो, टोपी चपट्या भागापर्यंत पोचतच नाही आणि लिव्हरबरोबर फिरू लागते. मग तुम्ही कितीही आवळा, पुढच्याच गिअरला सैल.

स्क्रू लावण्याआधी टोपी बोटाने फिरवून बघा. तसूभरही फिरता कामा नये.

आतली पट्टी चारही बाजूंनी बसते, पण योग्य बाजू एकच. लिव्हर पूर्ण पुढे ढकलल्यावर डाउनट्यूबला समांतर जाऊन अडला पाहिजे. आधीच अडत असेल तर पट्टी काढून फिरवून बसवा, नाहीतर केबलला पुरेशी ओढ मिळणार नाही.

रॉकेल_आणि_ब्रश
वरचं बरोबर, पण चेन उतरते त्याला रॉकेलही कारण असू शकतं. ते वाळलं असं वाटतं, तरी तेलकट थर मागे राहतो आणि हा लिव्हर तर निव्वळ घर्षणावर उभा असतो. मागच्या डेरेलरची, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर ढकलणाऱ्या यंत्रणेची स्प्रिंग केबल सतत ओढत असते, घर्षण कमी पडलं की तीच जिंकते. डब्ल्यूडी-४० मारलं असेल तर तेच. धातूचे वॉशर स्पिरिटने पुसा. प्लास्टिकचे असतील तर साबणाच्या पाण्याने धुवा. थिनरमध्ये टाकू नका, फुगतात.

ग्रीस दोनच जागी: लिव्हर ज्यावर फिरतो त्या बॉसच्या गोल भागावर बोटाने पुसल्याइतकं, आणि स्क्रूच्या आट्यांवर. आटे कोरडे सोडले तर आपल्याकडच्या पावसाळ्यात स्क्रू बॉसमध्येच गंजून बसतो. वॉशरांच्या घासणाऱ्या बाजू कोरड्या. नंतर चालवताना कडी पाव फेरा आवळून-सोडून जमवायची, कडी त्यासाठीच दिलेली असते.

पणजी_ते_दोना_पावला
हे वाचून कोणी सिम्प्लेक्सचे रेट्रोफ्रिक्शन लिव्हर उघडणार असेल तर थांबा, त्यांचं काम वेगळं. आत बॉसभोवती गुंडाळलेली स्प्रिंग असते, डाव्या-उजव्याचा पीळ उलट. अदलाबदल झाली की लिव्हर केबल धरतच नाही. दोन्ही बाजू एकदम उघडू नका. सनटूर कंपनीच्या रॅचेटवाल्या (आत दाते आणि खटका असलेल्या) लिव्हरांना जाड ग्रीस नको, आतला खटका चिकटून दाते पकडत नाही.

केबल नवीन घालत असाल तर गिअरचीच, १.२ मिमीची. ब्रेकच्या केबलचं डोकं लिव्हरच्या खोबणीत नीट बसत नाही. लिव्हर पूर्ण पुढे आणि चेन सर्वांत लहान चक्रावर असतानाच केबल आवळा.

शिवोलीकर
दोन्ही वॉशर बाहेरच होते. एक आत घातला, टोपी बसली, स्क्रू फिरायचा थांबला. स्पिरिटने पुसल्यावर उभ्या चढालाही चेन जागेवर आहे. आता डावा उघडू का?

जुनी_फ्रेम_मडगाव
उघडा. पण निघेल तसा एकेक भाग तारेत ओवत जा, बाहेरची बाजू एकाच दिशेला ठेवून.