फुरसुंगी-उरुळी पुणे मनपातून बाहेर काढली, बरोबर झालं का?

सासवडरोडकर:
2017 ला जी 11 गावं पुणे मनपात घेतली त्यात फुरसुंगी आणि उरुळी देवाची होती, 2024 ला दोन्ही बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. माझ्या मते चूक. मनपातलं हडपसर कुठं संपतं नि फुरसुंगीचं भेकराईनगर कुठं सुरू होतं हे कुणी दाखवा बरं, आणि आता मधून हद्द. टॅक्स जास्त येतो म्हणून गाव काढायचं तर उद्या वाघोलीवाले पण म्हणतील आम्हालाही काढा.

मंतरवाडीकर:
वा! अख्ख्या शहराचा कचरा वर्षानुवर्षं उरुळीच्या डेपोवर ओतला तेव्हा कुणाला सलग वस्ती दिसली नाही ती. मनपात जाऊन मिळालं काय, तर पाण्याला टँकरच, आणि टॅक्स ग्रामपंचायतीच्या दरावरून दर वर्षी 20 टक्के चढवत शहराच्या रेटला न्यायचा, गुंठा-गुंठा तोडून घेतलेल्या जागेवरचं घर असलं की अनधिकृत म्हणून तिप्पट, थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती म्हणजे दंड. त्यात मार्च 2022 पासून मनपावर प्रशासक होता, म्हणजे भांडायला नगरसेवक पण नव्हता.

सासवडरोडकर:
तिप्पटचं मान्य, पण मग तो नियम बदलायचा ना, हद्द कशाला? टीपी स्कीम (जमिनीची फेरमांडणी करून रस्ते-प्लॉट पाडायच्या नगररचना योजना) मनपानं आखल्या, पाण्याची योजना मनपाची, आता नगरपरिषद पैसा आणणार कुठून? मला विचाराल तर मनपाच्या टॅक्समधून खरे सुटले ते तिथले गोडाऊनवाले.

पेठेतला:
मधेच बोलतो. पुणे मनपा झाली तीच मुळात जोडाजोडी करून, 15 फेब्रुवारी 1950 ला. सिटीची जुनी म्युनिसिपालिटी आणि सबर्बन म्युनिसिपालिटी अशा दोन एकत्र केल्या. पुढं 1997 ला 38 गावं घेतली, बोंबाबोंब झाली तशी त्यातली बरीच सोडून दिली, आणि 2017 ला 11, 2021 ला 23 घेताना त्यातलीच काही परत आत. हे आत-बाहेर चालू असताना बांधकामं थोडीच थांबतात, ती उठली ग्रामपंचायतीच्या परवानगीवर, सहा फुटी बोळात चार मजले, ड्रेनेज थेट ओढ्यात. धायरी-नऱ्हे बघून या. घ्यायचं तर वेळेत घ्या, नाहीतर घेऊच नका. आणि हो, 2021 ला 500 चौरस किलोमीटरच्या वर गेलेलं शहर एका आयुक्ताला झेपतं का हे कुणी विचारतच नाही.

मंतरवाडीकर:
तेच तर. पिंपरी-चिंचवडची 1982 ला वेगळी मनपा झाली, काय अडलं त्यांचं?

सासवडरोडकर:
अहो तिथं एमआयडीसीची जकात होती, पोतं भरून पैसा. तुमच्याकडं काय आहे?

मंतरवाडीकर:
गोडाऊन आहेत की, तुम्हीच म्हणालात! आणि नगराध्यक्षाच्या दारात चालत जाता येतं, शिवाजीनगरला मनपाच्या ऑफिसात बस बदलत जावं लागत नाही.

सासवडरोडकर:
जा की चालत. पाण्याचं विचारलंत की तोच म्हणेल, लाइन मनपाची आहे, शिवाजीनगरला जाऊन या.