मदत हवी आहे: सायकलच्या बुटांना क्लीट (तळाला लावायची, पेडलमध्ये अडकणारी पट्टी) लावल्यापासून डाव्या पायाची बोटं बधीर होतात

घाटखोर: रविवारी दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांबची सायकल राइड) आहे आणि तिशीच्या आसपास डावी बोटं बधीर होतात. म्हणजे तीस किलोमीटरला, वयाच्या नव्हे. आधी मुंग्या, मग काहीच कळत नाही. बोपदेव घाट चढताना जास्त. पेडलचा स्क्रू ढिला करून पाहिला, ढिम्म फरक नाही. क्लीट पुढे घेऊ की मागे? 'बाइक फिट करून घ्या' सांगू नका, वेळ नाही, पैसेही नाहीत.

मंजिरी_क: क्लीट कुठली? दोन बोल्टची की तीन? आत्ता कुठे बसवलीय? बूट नवे का? आणि ढिला केलात तो स्क्रू नेमका कुठला?

निवांत_काका: चाळीस वर्षं चपला घालून सायकल चालवतोय. बोटं बधीर झाली नाहीत. साधी पेडलं लावा.

घाटखोर: काका, पेडलं साडेतीन हजारांची आहेत, ती आता भिंतीला लावू? मंजिरी, एसपीडी, म्हणजे शिमानोची दोन बोल्टची. पेडलवरचा तो छोटा, ३ च्या ॲलन कीचा स्क्रू.

मंजिरी_क: त्याने फक्त बूट किती जोर लावल्यावर सुटतो ते ठरतं. बोटांशी संबंध नाही. क्लीट कुठे बसवलीय ते अजून सांगितलं नाहीत.

चेनवाला: एक लक्षात ठेवा, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. उजवीकडे फिरवलं की सुटतं. १५ चा पान्हा लागतो, काहींना मागून ८ किंवा ६ ची ॲलन की. मी एकदा जोर लावून लावून क्रँकचे आटे घालवलेत.

घाटखोर: पेडल काढायचंच नाहीये हो मला.

चेनवाला: कधीतरी काढावं लागेलच.

सह्याद्री_स्पोक: सरळ मल्टी-रिलीज क्लीट घ्या. एसएच५६. पाय कसाही वाकवला तरी सुटतो, सिग्नलला आडवं पडायचं टळतं.

मंजिरी_क: त्यांचा पाय सुटत नाही असं म्हणताहेत का ते? बोटं बधीर होताहेत! आणि ५६ घाटात जोरात खेचलं की नको तेव्हा सुटते, हा माझा अनुभव. मी साध्या, फक्त टाच बाजूला वळवल्यावर सुटणाऱ्या ५१ वरच परत आले.

सह्याद्री_स्पोक: माझी आजवर सुटली नाही. पेडलच्या त्या स्क्रूचं टेन्शन नीट ठेवलं तर.

निवांत_काका: चप्पल तर सुटायचा प्रश्नच येत नाही.

घाटखोर: क्लीट जिथे दुकानदाराने लावली तिथेच आहे. खाचेच्या पार पुढच्या टोकाला. बूट महिन्यापूर्वी घेतले. उजवा पाय ठणठणीत, म्हणजे क्लीटचा दोष नाही ना?

मंजिरी_क: हे पहिल्यांदाच सांगायला हवं होतं. क्लीट पुढे असली की सगळा भार चवड्याच्या हाडांवर येतो, मधल्या नसा चेपतात आणि बोटं झोपतात. बूट घालून अंगठ्याच्या मुळाचं हाड चाचपा, बुटाच्या बाजूला पेनाने खूण करा. बाहेरून करंगळीच्या मुळाशी दुसरी खूण. क्लीटचा मध्य या दोन खुणांच्या मधे आला पाहिजे. तुमचं लांबचं आहे, त्यामुळे करंगळीच्या खुणेजवळ नेलीत तरी चालेल. आधी जुन्या जागेभोवती मार्करने रेघ मारा, नाहीतर परतीची वाट नाही. बोल्टना ४ ची ॲलन की लागते. ५-६ न्यूटन-मीटर एवढेच आवळा. एका वेळी तीनेक मिलीमीटर. पाच मागे घेतलंत तर सीटही दोनेक मिलीमीटर खाली घ्या, पाय आता आखूड पडणार. कोन मात्र बदलू नका, गुडघा बोलायला लागेल.

सह्याद्री_स्पोक: इथे सहमत. शिवाय दुपारी पाय सुजतात, पुढचा पट्टा सैल ठेवून निघा.

चेनवाला: बोल्टना ग्रीस लावा. पावसाळ्यात गंजले की ॲलन कीची खाच जाते.

घाटखोर (दोन दिवसांनी): साधारण ५ मिमी मागे घेतली, सीट उतरवली. काल सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, अंगठा आणि शेजारची दोन बोटं जागी होती. करंगळी मात्र अजून झोपते. मग घरी दोन्ही पाय कागदावर ठेवून आखले, तर डावा उजव्यापेक्षा जवळपास अर्धा सेंटीमीटर लांब निघाला! दुकानात मी फक्त उजवा बूट घालून पाहिला होता. आता परवापर्यंत काय करू?

मंजिरी_क: बदलून मिळतात का विचारा. नाहीतर डाव्या बुटातला आतला तळवा काढून पातळ घाला, मोजे पातळ घाला आणि पुढचा पट्टा जवळपास मोकळाच ठेवा. शनिवारी काही नवीन करू नका.

घाटखोर: दुकानदार म्हणतो, क्लीट लावलेले बूट परत घेत नाही. ठीक. पातळ तळवा घालून उद्या वीस किलोमीटर बघतो.

निवांत_काका: बीआरएमला चप्पल चालते का हो? हेल्मेट लागतं एवढं माहीत आहे.

चेनवाला: चालत असावी. पण काका, मुदतीचे पूर्ण साडेतेरा तास लागले तर अंगठा तुटेल.